भारी शॉकअप टाकण्याआधी: गाडीचं सस्पेन्शन समजून-उमजून कसं सुधारायचं

"गाडी फार उडते, जरा भारी शॉकअप टाका." गॅरेजात हे वाक्य रोज ऐकू येतं. मेकॅनिकही खोलात जात नाही, कारण काय झालंय आणि काय टाकायचं हे दोन्ही गिऱ्हाइकानेच सांगून टाकलेलं असतं.

पण उडते म्हणजे नेमकं काय होतं? गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा वर-खाली होत राहते? छोट्या खड्ड्यातही मागून धप्पकन आपटते? काँक्रीटच्या रस्त्यावर पोटात बारीक ठोके बसत राहतात? की घाटातल्या वळणाला एका अंगावर कलते? पहिली तक्रार बहुधा दमलेल्या शॉकअपची असते. दुसरीच्या मुळाशी टायरमधली हवा, बसलेली स्प्रिंग किंवा फाटलेलं बंप स्टॉप (चाक फार वर गेल्यावर शेवटचा धक्का घेणारं रबर) असतं. तिसरी गाडीच्या मूळ रचनेतून येते, आणि चौथी थोडी रचनेची, थोडी चालकाची. एकच भारी शॉकअप या सगळ्यांना पुरत नाही. तिसऱ्या तक्रारीवर तर तो उलटतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सहा-सात वर्षं वापरलेल्या गाडीत अपग्रेड म्हणून लोक जे शोधत असतात, त्यातलं बरंचसं ती गाडी नवी असताना तिच्यात होतंच. ते परत आणणं हे पहिलं काम. त्यानंतरही मन भरलं नाही, तर पैसे चांगल्या शॉकअपवर आणि टायरवर घालावेत. स्प्रिंगला शेवटी हात लावावा, किंवा लावूच नये. असं का, हे कळायला सस्पेन्शनमध्ये कोण काय काम करतं ते नीट बघावं लागेल.

स्प्रिंग: सेकंदाला किती हेलकावे?

उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकची मांडणी अशीच असते: पुढे मॅक्फर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात स्प्रिंग आणि शॉकअप एका खांबात आणले आणि चाक उभं धरून ठेवायचं कामही त्याच खांबाला दिलं. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. त्यामुळे ही रचना जगभर पसरली. मागच्या बाजूला दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी तुळई असते. ती थोडा पीळ खाते, म्हणून एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं पूर्णपणे त्याच्यामागे ओढलं जात नाही.

चाकाला बसलेला धक्का स्प्रिंग दबून घेते. स्प्रिंग मऊ की कडक हे मोजायची सोपी रीत अशी: तिच्यावर टेकलेली गाडी मोकळी सोडली तर सेकंदाला किती हेलकावे खाईल? साध्या प्रवासी गाड्यांत हा आकडा १ ते १.५ च्या आसपास असतो. पुढच्या एका चाकाच्या वाट्याला २५० किलो वजन येतंय आणि तिथली स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण दोन किलोचा जोर लागतोय असं धरलं, तर उत्तर येतं १.४. अशी गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंगवर साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास दबलेली असते. हेलकावे सेकंदाला २ वर नेले तर हेच दबणं सहा सेंटीमीटरवर येतं. म्हणजे खड्ड्यात चाक खाली सोडायलाही तेवढीच जागा उरते.

आता माणसाकडे बघू. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभे हादरे सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. पोट आणि आतली इंद्रियं याच गतीला हलायला लागतात. काँक्रीटच्या रस्त्यावर आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर तोडते, म्हणजे सेकंदाला साडेपाच सांधे. नेमके त्या पट्ट्याच्या मध्यावर. पुण्याहून मुंबईला जाताना रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, एकही खड्डा लागलेला नसतो, आणि तरी पनवेलपर्यंत अंग आंबतं, त्यात या सांध्यांचा मोठा वाटा असतो.

इथेच भारी शॉकअपचं गणित उलटं फिरतं. १.४ हेलकाव्यांची गाडी सेकंदाला २ च्या वरचे हादरे गाळायला लागते. हादरे जितके जलद तितके ते जास्त गाळले जातात. स्प्रिंग कडक केली की ही गाळणी उशिरा सुरू होते. आणि शॉकअप कडक केला की गाळणी कमजोर होते, कारण या जलद हादऱ्यांच्या वेळी तो चाकाला गाडीच्या सांगाड्यापासून सुटं राहू देत नाही. गाडी उडते म्हणून टाकलेले कडक शॉकअप द्रुतगती मार्गावर जास्त ठोके आत आणतात ते असे.

याच्या दुसऱ्या टोकाला, सेकंदाला अर्ध्याहून कमी हेलकावे असतील तर मळमळ सुरू होते. घाटात मागे बसलेल्या पोरांना उलट्या होतात त्या या संथ डोलण्यामुळे. त्यावर बाजारात कुठलाही शॉकअप मिळत नाही. वळणाआधी हलका ब्रेक, वळणात एकसारखा ॲक्सिलरेटर आणि शांत स्टिअरिंग, एवढंच औषध आहे.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचं आपसातलं नातंही ठरवलेलं असतं. मॉरिस ऑली नावाच्या इंग्लिश अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना दाखवून दिलं की पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी मऊ असावी. उंचवट्यावर पुढची चाकं आधी चढतात, मागची थोड्या उशिराने. स्विफ्टच्या दोन चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर आहे. ताशी ८० ला हा उशीर सेकंदाच्या नवव्या भागाइतका भरतो. मागची बाजू थोडी जलद डोलत असेल तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक-शेपूट वर-खाली न करता सपाट उठते-बसते. त्यामुळे फक्त पुढे कडक स्प्रिंगा टाकून मागे कंपनीच्याच ठेवल्या, तर हा मेळ बिघडतो आणि गाडी घोडागाडीसारखी पुढे-मागे झुलायला लागते.

शॉकअप: खरी करामत इथे

स्प्रिंग धक्का घेते खरा, पण घेतलेला परत करते. तो परत येताना जिरवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, त्यात भोकं आणि पातळ पोलादी चकत्या असलेला दट्ट्या फिरतो. तेल बारीक वाटांतून पलीकडे ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते आणि ती नळीच्या अंगावरून हवेत जाते. खराब रस्त्यावर तासभर चालवल्यावर शॉकअपला हात लावून बघितला तर तो चांगलाच गरम लागतो. (चाकाच्या आत हात घालण्याआधी ब्रेकची तबकडीही तेवढीच तापलेली असते हे लक्षात ठेवा.)

विरोध किती होणार हे दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असतं. हा गाडीचा वेग नव्हे, हे पक्कं समजून घ्यायला हवं, कारण सगळी करामत याच भेदात आहे. वळणावर गाडी कलते, ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं, तेव्हा गाडी ताशी ८० ने जात असली तरी शॉकअपमधला दट्ट्या हळू सरकत असतो. उलट ताशी २० ने खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं तर दट्ट्या प्रचंड वेगाने फेकला जातो. पिचकारी हळू दाबली तर पाणी सहज निघतं आणि जोरात दाबली तर हाताला अडतं, तसा साधा, स्वस्त शॉकअप खड्ड्याच्या काठावर सर्वांत कडक होतो. म्हणजे मऊ व्हायला हवं तिथेच कडक. चांगल्या शॉकअपमध्ये चकत्यांची थप्पी अशी रचलेली असते की हळू हालचालीला तो ठाम विरोध करतो, पण वेग एका मर्यादेपलीकडे गेला की चकत्या वाकून तेलाला मोठी वाट देतात. त्यामुळे वळणात गाडी ताब्यात राहते आणि खड्ड्यात हाडं खिळखिळी होत नाहीत.

'आराम हवा की पकड, दोन्हींतलं एक निवडा' असं जे म्हटलं जातं, ते स्प्रिंगच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे. शॉकअपच्या बाबतीत पुष्कळ कमी खरं आहे. पैसे शॉकअपवर घाला म्हणतो ते यासाठी.

महिंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या एक्सयूव्ही ७०० मध्ये एफएसडी नावाचे शॉकअप आहेत. त्यांत एक जास्तीची झडप हालचाल किती जलद आहे ते ओळखते: बारीक, जलद हादऱ्यांना तेलाला वाट मोकळी राहते आणि संथ, मोठ्या हालचालीला ती बंद होते. यात ना सेन्सर, ना वायर. सगळं तेलाच्या दाबावर चालतं.

शॉकअपचा विरोध दोन्ही दिशांना सारखा नसतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. दबताना कमी आणि उलगडताना दुप्पट-तिप्पट, अशी साधारण विभागणी असते. दबताना फार अडवलं तर खड्डा थेट आत येईल. उलगडताना मोकळं सोडलं तर गाडी वर फेकली जाईल. गतिरोधक उतरल्यावर गाडी झुलत राहते तेव्हा ही उलगडण्याची बाजू संपलेली असते.

दुकानात 'गॅसचे शॉकअप' मोठ्या रुबाबात पुढे केले जातात. गॅस भरलेल्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. नायट्रोजनचा दाब तेलाला फेस येऊ देत नाही, इतकंच. फेस आला की दट्ट्याला तेलाऐवजी बुडबुडे भेटतात आणि विरोध गळून पडतो. बहुतेक कंपन्या दोन नळ्यांचे, कमी दाबाचा गॅस असलेले शॉकअप बसवतात. एका नळीचे, जास्त दाबाचे शॉकअप थंड लवकर होतात आणि लांब खराब पट्ट्यावर दमत नाहीत. मात्र त्यांची नळी दगड लागून चेपली तर दट्ट्या तिथेच अडकतो, आणि आतल्या दाबामुळे छोट्या कंपनांना ते थोडे ताठर वाटतात. कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने ते घ्यावेत. शहरात दहा किलोमीटर ऑफिस गाठणाऱ्याला दोन नळ्यांचे उत्तम.

छोट्या गाडीची अडचण

नऊशे किलोच्या हॅचबॅकमध्ये पाच माणसं आणि बॅगा टाकल्या की चारशे किलो सहज वाढतात, आणि त्यातले बहुतेक मागच्या चाकांवर जातात. एकटा चालक असताना मागच्या ॲक्सलवर जेवढं वजन असतं त्याच्या साधारण दीडपट होतं. कंपनीला एकच स्प्रिंग द्यायची असते. गाडी भरलेली असताना ती खाली टेकायला नको, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. मग एकट्याने चालवताना मागची बाजू आपटते. दोन टनांच्या गाडीत तीच पाच माणसं वजनाच्या मानाने काहीच नसतात, त्यामुळे तिची स्प्रिंग मऊ ठेवता येते. मोठी गाडी आरामदायी वाटते यामागे हे साधं प्रमाण आहे. छोट्या गाडीत हजारो रुपये ओतून ते बदलत नाही. मागच्या बाजूच्या आपटण्याबद्दल तक्रार करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं: गाडी रिकामी असताना आपटते की भरलेली असताना? रिकामी असताना आपटत असेल तर स्प्रिंग कडक आहे, आणि आणखी कडक काही टाकून उपयोग नाही.

आधी हवा, मग बाकी सगळं

पेट्रोलपंपावर हवा भरणारा पोरगा सगळ्यांना ३५-४० भरून मोकळा होतो. तुमच्या गाडीचा खरा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, बहुतेक हॅचबॅकमध्ये तिशीच्या आसपास, आणि तो थंड टायरचा असतो. चालवून तापलेल्या टायरमध्ये दाब आपोआप वाढतो. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. तिच्यात पाच-सात पीएसआय जास्त भरून मग शॉकअपला शिव्या घालण्यात अर्थ नाही. स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी गाडी काढण्याआधी तपासा.

टायरचं वयही बघा. बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे वर्षाचे. '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांत रबर कडक होतं, आवाज वाढतो आणि पावसात पकड सुटते.

मग रबरी भाग. चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आडव्या आर्मचे बुश (सांध्यातले रबरी भाग), स्टॅबिलायझरचे (वळणात कलणं कमी करणाऱ्या दांड्याचे) लिंक रॉड, स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग, बंप स्टॉप. हे सगळे शॉकअपपेक्षा स्वस्त आणि बहुतेकदा त्याच्या आधी जातात. आवाज कुठला ते ऐकून बराच अंदाज येतो. छोट्या खडबडीवर कटकट वाजत असेल तर बहुधा लिंक रॉड. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरच्या बाजूला कट्ट होऊन काही सुटल्यासारखं वाटलं तर माउंटिंग. ब्रेक दाबताना किंवा सोडताना खालून एकच ठोका आला तर आर्मचा बुश. गाडी एका बाजूला बसलीय की काय अशी शंका असेल, तर सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेपने मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक दिसला तर एक स्प्रिंग दमली आहे किंवा तुटली आहे. तुटलेली स्प्रिंग पुष्कळदा शेवटच्या वेटोळ्यात तुटते आणि कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

शॉकअप तपासायला लोक बॉनेटचा कोपरा दाबून सोडतात. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, झुलत राहिली तर गेला. ही चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, निम्मा गेलेला पकडत नाही, कारण हाताने दाबताना दट्ट्या अगदी हळू हलतो. जास्त खात्रीची खूण टायरवर मिळते: नक्षीवरून तळहात फिरवा, ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागले तर ते चाक रस्त्यावर टप्पे खातंय. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलसर थर असेल तर घाबरू नका. ओघळ आला असेल तर बदला. आपल्या रस्त्यांवर साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर चारही एकदा नीट तपासून घ्यावेत, आणि बदलताना पुढची किंवा मागची जोडीच बदलावी.

बसवताना होणारी एक चूक मात्र इथे सविस्तर सांगायलाच हवी, कारण नव्या भागांचं आयुष्य तिच्यामुळे अर्ध्यावर येतं. आर्मच्या बुशमध्ये रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पीळ खातं. गाडी लिफ्टवर उचलली की चाकं लोंबकळतात. त्या अवस्थेत आर्मचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग गाडी विनाकारण ताठर वाटते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट लिफ्टवर हातापुरते लावायचे आणि शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करायचं. हे मेकॅनिकला आधीच सांगा. थोडा चिडेल, पण सांगा. स्ट्रट उघडलेलाच असताना माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर नवं टाका; मजुरी तीच पडते. स्ट्रट काढल्यावर चाकाचा कल आणि दिशा दोन्ही हलतात, त्यामुळे अलाइनमेंट करावीच लागते.

इतकं केल्यावर बहुतेकांची तक्रार संपते.

ज्यांची संपत नाही त्यांच्यासाठी

मूळ शॉकअपऐवजी त्याच लांबीचे, त्याच स्प्रिंगला जुळणारे पण चांगल्या झडपांचे शॉकअप हा पहिला आणि बहुधा शेवटचा बदल असावा. गॅब्रिएल, कायाबा, मन्रो, बिलस्टीन, कोनी अशी नावं यात येतात. प्रत्येकाचे प्रत्येक गाडीसाठी मिळतातच असं नाही, आणि नकली माल भरपूर आहे, म्हणून बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

टायरमध्ये अपसायझिंगची, म्हणजे मोठं रिम आणि रुंद टायर टाकण्याची, हौस दांडगी असते. स्विफ्टचंच बघा. कमी किमतीच्या मॉडेलला १६५/८० आर १४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, रबराची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), वरच्याला १८५/६५ आर १५. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास ६२ सेंटीमीटर. त्याच व्यासात १९५/५५ आर १६ ही बसतात. पण रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची बघितली तर ती अनुक्रमे १३२, १२० आणि १०७ मिलिमीटर भरते. दर पायरीला धक्का घेणारी जागा कमी होते, वळणातला नेमकेपणा वाढतो आणि खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही वाढते. खराब रस्ते ज्यांच्या नशिबी आहेत त्यांनी दिसायला बिचारे वाटणारे १४ इंचीच ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. मोठं अलॉय हलकंच असेल हाही गैरसमज आहे. विकत घेण्याआधी वजन विचारा, कारण चाक जड झालं की शॉकअपला ते आवरणं अवघड जातं.

स्प्रिंग बदलण्यातला धोका तारेच्या जाडीत लपलेला असतो. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ११ मिलिमीटरच्या तारेऐवजी १२ ची आली, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग सुमारे ४० टक्के कडक होते. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या फरकाने गाडीचा स्वभाव पालटतो, आणि मूळ शॉकअपला एवढ्या ताकदीची स्प्रिंग उलगडताना धरता येत नाही. वेटोळं कापून गाडी खाली बसवणारे तर याहून पुढचे: सहापैकी एक वेटोळं कापलं की स्प्रिंग २० टक्के कडक होते, बैठक बिघडते, आणि चाक लोंबकळल्यावर स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

गाडी खाली घेतली की वळणात चांगली चालते, हे मॅक्फर्सन स्ट्रटच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. खालचा आर्म आडवा किंवा चाकाकडे थोडा उतरता असायला हवा. गाडी चार सेंटीमीटर खाली बसवली की तो चाकाकडे चढता होतो. मग गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली जातो आणि कलण्याचा जोर वाढतो. वर बंप स्टॉपही लवकर लागतं. शिवाय स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. गल्लीतल्या मंडळाने रात्रीत घातलेल्या गतिरोधकाने ते मानक कधी वाचलेलं नसतं.

उलट दिशेने, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवून गाडी उचलण्याची सोय सगळीकडे मिळते. बफर बसला ते वेटोळं काम करायचं थांबतं, म्हणजे स्प्रिंग कापल्यासारखीच कडक होते. मागे कायम माणसं-सामान भरलेलं असेल तर गाडी टेकायची थांबते, हे खरं. रिकाम्या गाडीत मात्र पाठ शेकून निघते, आणि बफरच्या कडेशी तारेवर जास्तीचा ताण येतो.

स्टॅबिलायझर बार वळणात कलणं कमी करतो. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर तो काहीच करत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं तर तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो, त्यामुळे जाड बार टाकला की खराब रस्त्यावर गाडी डाव्या-उजव्या अंगाला डुचमळते. मागे जास्त कडक बार टाकला तर वळणात मागची पकड आधी सुटते. रेसट्रॅकवर मजा येते. पावसाळ्यात आंबेनळी किंवा वरंधा घाटात, शेवाळलेल्या वळणावर, अजिबात येत नाही. आणि कलणं कमी झालं म्हणजे वजन सरकायचं थांबलं असं नाही. हजार किलोची गाडी जरा जोरात वळवली की आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर दीडशेक किलो जातंच. ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि चाकांमधल्या रुंदीवर ठरतं.

पॉलियुरेथेनचे (रबराऐवजी कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) बुश स्टिअरिंगला धार आणतात. पण खड्ड्याच्या काठावर चाक आदळतं तेव्हा रबरी बुश त्याला काही मिलिमीटर मागे सरकू देतो आणि धक्क्याची धार तिथेच बोथट होते, ही सोय कंपनीने मुद्दाम ठेवलेली असते. पॉलियुरेथेन ती काढून घेतं. रोजच्या गाडीत ते मी टाकणार नाही.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा शॉकअप हा नेहमीच्या दुरुस्तीचा भाग असतो. उंची बदलणाऱ्या किट आणि मडगार्डबाहेर येणारे टायर मात्र अडचणीत आणतात. काही मोठा बदल करणार असाल तर आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

काम झाल्यावर गाडी लगेच लांबच्या प्रवासाला काढू नका. ज्या रस्त्याचे खड्डे तुम्हाला पाठ आहेत त्यावरून, पूर्वीच्याच वेगाने, एकदा एकट्याने आणि एकदा भरलेली गाडी घेऊन जाऊन या. हवेचा दाब दोन्ही वेळा सारखा ठेवा. तीन-चारशे किलोमीटरनंतर बोल्ट आणि अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्या. नव्या स्प्रिंगा टाकल्या असतील तर त्या तोवर थोड्या बसलेल्या असतात आणि हेडलाइटचा झोतही हलतो. तो त्याच फेरीत सरळ करून घ्या, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत.